मोजणारा आणि मोजला जाणारा

ग्वाल्हेरचे नाव निघाले की गोमंतकातील आणि कोकणातील रसिकाच्या कानांत प्रथम घुमू लागते ती तेथील गायकी. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ती दक्षिणेकडे आणली आणि त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनी विद्यालये काढून ती सामान्य घरांतील मुलामुलींपर्यंत पोचविली. त्याच ग्वाल्हेरात १९१८ साली माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने आणि पंडित भातखंडे यांच्या मार्गदर्शनाने संगीताचे महाविद्यालय निघाले आणि गाण्यासारख्या हातात न सापडणाऱ्या विद्येलाही अभ्यासक्रम, इयत्ता आणि परीक्षा लाभल्या. या संगीत परीक्षांची एक रीत आमच्या वाचकांच्या चांगल्या परिचयाची आहे. मुलीला वर्षभर शिकविणारे गुरुजी तिची परीक्षा घेत नाहीत. त्यासाठी परीक्षक बाहेरगावाहून येतो. गुरुजींच्या प्रामाणिकपणाविषयी कोणाला शंका असते म्हणून ही रीत पडलेली नाही. आपल्या शिकवण्याचे माप आपणच घ्यायचे म्हटले की साधुपुरुषाचाही हात थोडा सैल पडतो, एवढे मनुष्यस्वभावाचे ज्ञान त्या रीतीमागे आहे.

हे साधे ज्ञान आमच्या शिक्षणखात्यांना मात्र अद्याप पचलेले नाही, आणि त्याची सर्वांत बोलकी साक्ष त्याच ग्वाल्हेरच्या मुलखात मिळते. २०१३ साली उघडकीस आलेले ‘व्यापम’ प्रकरण देशाच्या स्मरणात आहे. मध्य प्रदेशाच्या व्यावसायिक परीक्षा मंडळाच्या परीक्षांत उमेदवाराऐवजी दुसराच मनुष्य बसत होता, आसनांची मांडणी विकली जात होती, कोऱ्या सोडलेल्या उत्तरपत्रिका मागाहून भरल्या जात होत्या. मंडळ भोपाळचे, परंतु ग्वाल्हेरच्या गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयातील कित्येक विद्यार्थीही तपासाच्या फेऱ्यात सापडले. २०१५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविला आणि २०१७ च्या फेब्रुवारीत राज्यातील ६३४ विद्यार्थ्यांचे वैद्यकीय प्रवेश रद्द ठरले.

याच राज्यात दुसरा एक प्रकार घडला. त्याचा गाजावाजा झाला नाही. पण आमच्या मते तो अधिक चिंताजनक आहे. २०११ पासून मध्य प्रदेश सरकारने प्राथमिक व उच्च प्राथमिक शाळांतील मुलांची प्रगती जोखण्यासाठी ‘प्रतिभा पर्व’ नावाची वार्षिक तपासणी सुरू केली. हेतू स्तुत्य होता. पुढे काही स्वतंत्र संशोधकांनी त्याच प्रश्नांवर मुलांची फेरपरीक्षा घेऊन सरकारी नोंदींशी ताळा जुळवून पाहिला, तेव्हा कागदावरचे गुण प्रत्यक्षापेक्षा कितीतरी फुगलेले आढळले. आणि फुगवटा सर्वांत मोठा होता तो ज्या मुलांना सर्वांत कमी येत होते त्यांच्याच गुणांत! म्हणजे ज्या मुलांकडे सरकारचे लक्ष वेधावे म्हणून ही तपासणी निघाली, तीच मुले तिने सरकारच्या नजरेआड केली. व्यापममध्ये पैसा होता, दलाल होते, खटले झाले. येथे कोणी पैसा खाल्ला नाही, कोणाला बेड्या पडल्या नाहीत. आणि तरीही लक्षावधी मुलांविषयी एक गोड असत्य सरकारी दप्तरात नोंदले गेले.

हे दोन रोग भिन्न आहेत हे ध्यानात घेतले पाहिजे. पहिल्या रोगात एकेका गुणावर मुलाचे सारे आयुष्य टांगलेले असते, त्यामुळे गुणाला बाजारभाव येतो. दुसऱ्यात मोजणारा आणि मोजला जाणारा एकच असतो, त्यामुळे मापच खोटे होते. या दोन्ही रोगांवर काही उतारा आहे काय, असा विचार करू लागले म्हणजे जगात गेली साठ वर्षे चालू असलेल्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी चाचण्यांकडे पाहणे अगत्याचे ठरते. त्यांच्या निकालांतील क्रमांकांवर आमच्याकडे अधूनमधून आरडाओरड होते. त्या चाचण्या घेतल्या कशा जातात, याची चौकशी मात्र क्वचितच होते.

आज यांतील सर्वांत प्रसिद्ध चाचणी म्हणजे पॅरिस येथील आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २००० साली सुरू केलेली ‘पिसा’. शाळेत शिकणाऱ्या सुमारे पंधरा वर्षे वयाच्या मुलामुलींना वाचन, गणित आणि विज्ञान यांत कितपत गती आहे, हे ती पाहते. पाठ केलेले किती आठवते याच्याशी तिला कर्तव्य नसते. शिकलेले व्यवहारात लावता येते की नाही, एवढेच तिला हवे असते. २०२२ च्या फेरीत ८१ देश व प्रदेश आणि सुमारे सात लाख मुले सहभागी झाली. एवढ्या मोठ्या परीक्षेला ना पास-नापास, ना प्रशस्तिपत्रक, ना कोणा एका मुलाचा निकाल! मुलाने काय मिळविले हे त्याला, त्याच्या आईबापांना किंवा त्याच्या मुख्याध्यापकांना कधीच सांगितले जात नाही.

या व्यवस्थेचे बारकावे मोठे शिकण्याजोगे आहेत. सहभागी देशाने आपल्या सर्व शाळांची यादी पाठवायची. त्यांतून कोणत्या शाळा निवडायच्या हे तो देश ठरवीत नाही. आंतरराष्ट्रीय व्यवस्थापकांनी नेमलेली संख्याशास्त्रज्ञांची संस्था शास्त्रीय सोडतीने त्या ठरविते. सर्वसाधारण देशातून निदान दीडशे शाळा घ्याव्या लागतात. शाळा ठरली की तेथील पात्र वयाच्या मुलांची यादी मागवून त्यांतूनही सोडतच काढली जाते. ‘हुशार तेवढी बसवा’ असे म्हणण्याची सोय मुख्याध्यापकाला ठेवलेली नाही. कठीण परिस्थितीतील शाळा किंवा मुले वगळण्यालाही मर्यादा आहे. एकंदर पाच टक्क्यांहून अधिक वगळली तर खुलासा द्यावा लागतो. परीक्षेच्या खोलीत देखरेख करणारा मनुष्य त्या मुलांना ते विषय शिकविणारा असून चालत नाही. शिवाय बाहेरून नेमलेले निरीक्षक काही शाळांना भेट देऊन सारे नियमाप्रमाणे चालले आहे की नाही ते पाहतात. शेजारी बसलेल्या दोन मुलांच्या हाती प्रश्नांचे वेगवेगळे संच असतात, म्हणून नक्कल करून काही साधत नाही. ज्या उत्तरांना माणसाने वाचून गुण द्यायचे असतात, त्यांतील ठरावीक हिस्सा दोघांकडून स्वतंत्रपणे तपासून घेतला जातो.

हे नियम केवळ कागदावर राहत नाहीत, याचे पुरावे आहेत. २००० च्या पहिल्याच फेरीत हॉलंडमधील पुरेशा शाळांनी भाग घेतला नाही म्हणून त्या देशाचे निकाल इतरांच्या पंक्तीला बसविले गेले नाहीत. २००३ मध्ये खुद्द ब्रिटनची तीच गत झाली. २०१८ साली स्पेनमधील काही मुलांनी वाचनाचे प्रश्न न वाचताच भराभर उत्तरे दिल्याचा संशय आला, तेव्हा त्या देशाचे वाचनाचे गुण तूर्त रोखून धरले गेले. श्रीमंत आणि सामर्थ्यवान देशांना ‘तुमचे माप सदोष आहे, ते आम्ही छापणार नाही’ असे सुनावण्याची ताकद ज्या व्यवस्थेत आहे, ती आदराला पात्र आहे. आमच्याकडे एखाद्या जिल्ह्याचे निकाल या कारणाने रोखले गेल्याचे वाचकांना स्मरते काय?

आता भारताचा या चाचण्यांशी आलेला संबंध पाहू. तो जुना आहे. ‘पिसा’च्या कितीतरी आधी, १९७०-७१ च्या सुमारास, शैक्षणिक मूल्यमापनाच्या एका आंतरराष्ट्रीय संघाने अनेक देशांत विज्ञान, वाचन इत्यादी विषयांची पाहणी केली. भारत तिच्यात सामील झाला होता आणि राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने येथील काम पाहिले होते. पाहणी हिंदी भाषक राज्यांपुरती मर्यादित होती. विज्ञानात भारतीय मुले चिली, इराण व थायलंड यांच्यासह तळाच्या गटात राहिली. त्यानंतर जवळजवळ चार दशके आम्ही अशा चाचण्यांपासून दूर राहिलो.

दुसरा प्रसंग २००९ च्या ‘पिसा’ फेरीच्या पुरवणीचा. तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश ही शिक्षणात पुढारलेली समजली जाणारी दोन राज्ये आम्ही पुढे केली. २०११ च्या डिसेंबरात निकाल लागला: चौऱ्याहत्तर सहभागींमध्ये आमची राज्ये ७२ वी आणि ७३ वी! शांघायच्या मुलांनी वाचनात सरासरी ५५६ गुण मिळविले, तेथे तमिळनाडूचे ३३७ आणि हिमाचलचे ३१७. पण क्रमांकांपेक्षा दुसरा एक आकडा अधिक बोचरा होता. जीवनव्यवहाराला आवश्यक अशी वाचनाची किमान पातळी तमिळनाडूत १७ टक्के आणि हिमाचलमध्ये ११ टक्के मुलांनीच गाठली होती. मुले शाळेत येत होती, वरच्या इयत्तांत जात होती. पण समोरचा साधा मजकूर वाचून त्याचा अर्थ लावणे बहुतेकांना जमत नव्हते.

यावर आमच्या सरकारने काय केले? प्रश्न भारतीय मुलांच्या परिचयाचे नव्हते, असे म्हणून पुढील फेऱ्यांतून अंग काढून घेतले. या आक्षेपात तथ्याचा अंश नव्हता असे नाही. परंतु तो मांडण्याची जागा प्रश्न तयार होत असताना असते. प्रत्येक सहभागी देशाला प्रश्न सुचविण्याचा आणि आलेल्या प्रश्नांवर मत देण्याचा अधिकार असतो. मुख्य चाचणीच्या आधी वर्षभर प्रायोगिक चाचणी होते आणि एखाद्या देशातील मुलांना अकारण जड जाणारे प्रश्न तीत हेरता येतात. निकाल लागल्यावर प्रश्नपत्रिकेला दोष देणे हे नाचता येईना अंगण वाकडे, यातलेच झाले.

तिसरा प्रसंग ताजा आहे. २०१९ च्या जानेवारीत केंद्र सरकारने २०२१ च्या फेरीत सहभागी होण्याचा करार केला. महासाथीमुळे ती फेरी २०२२ वर गेली आणि प्रत्यक्षात भारत तीत उतरलाच नाही. तथापि आम्हाला त्या करारातील निवड विचार करण्यासारखी वाटते. सर्व देशाच्या वतीने उभी केली जाणार होती ती चंदीगड शहरातील मुले आणि केंद्रीय व नवोदय विद्यालयांतील मुले. ग्वाल्हेरचीच गोष्ट घ्या. तेथील केंद्रीय विद्यालये आणि जिल्ह्यातील नवोदय विद्यालय त्या सोडतीच्या यादीत आली असती. पण त्यांच्याच शेजारची राज्य सरकारची शाळा, जिच्या मुलांचे फुगलेले गुण ‘प्रतिभा पर्वा’त नोंदले गेले, ती यादीतच नव्हती. आमच्याकडेही काणकोण, वाळपई किंवा सिंधुदुर्गातील सांगेली येथील नवोदय विद्यालये पात्र ठरली असती आणि खेड्यातील साधी माध्यमिक शाळा बाहेर राहिली असती. नवोदय विद्यालयांत प्रवेशपरीक्षेने निवडलेली मुले येतात. त्या विद्यालयांनी ग्रामीण भागातील बुद्धिमान मुलांची केलेली सेवा मोठी आहे, याविषयी दुमत नाही. पण निवडलेल्या मुलांची चाचणी घेऊन न निवडलेल्यांची अवस्था कशी कळावी? दुकानाच्या दर्शनी फळीवर मांडलेला माल पाहून कोठारातील धान्याची प्रत ठरविण्यासारखेच ते होते. चीनने प्रथम एकटे शांघाय आणि पुढे काही निवडक प्रांत पुढे केले, तेव्हा जगभरातील अभ्यासकांनी हाच आक्षेप घेतला होता.

या चाचण्यांविरुद्धच्या आक्षेपांचाही न्यायबुद्धीने विचार झाला पाहिजे. अनेक देशांतील शिक्षणतज्ज्ञांनी २०१४ साली जाहीर पत्र लिहून ‘पिसा’वर टीका केली. दर तीन वर्षांनी लागणाऱ्या निकालांमुळे सरकारे क्रमांकामागे धावतात, ज्या गोष्टी मोजता येत नाहीत त्या मागे पडतात आणि आर्थिक विकासासाठी जन्मलेल्या संघटनेने शिक्षणाचे ध्येय ठरवावे हे अनुचित आहे, असा त्यांचा रोख होता. हे आक्षेप आम्हाला वजनदार वाटतात. शिक्षणाचे ध्येय पॅरिसमध्ये ठरू नये. राष्ट्रीय शिक्षणाची शपथ घेऊन परक्या सत्तेच्या शाळांवर बहिष्कार टाकणारी पिढी या देशात होऊन गेली. तिच्या वारसांना हे सांगण्याची गरज नाही. परंतु ध्येय ठरविणे वेगळे आणि माप घेणे वेगळे. कापड कोणते विणायचे हे विणकराने ठरवावे. गज मात्र सर्वांचा एकच असावा.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे आणि आम्हाला जिव्हाळ्याचा आहे. १९७० च्या पाहणीत आमच्या देशाची परीक्षा हिंदीतून झाली. ग्वाल्हेर, इंदूर, उज्जैन या मुलखात पिढ्यान्पिढ्या मराठी बोलणारी घरे आहेत. तेथील मूल घरी मराठी बोलते, शाळेत हिंदीतून शिकते आणि पुढे इंग्रजीशी झुंजते. गोव्यातील मुलाची कथा याहून फारशी वेगळी नाही. घरी कोकणी, प्राथमिक शाळेत कोठे मराठी तर कोठे कोकणी आणि पाचवीपासून इंग्रजी, अशी त्याची वाटचाल असते. पंधराव्या वर्षी त्याच्यापुढे वाचनाचा उतारा ठेवला आणि तो अडखळला, तर अडखळली ती बुद्धी की भाषा? हे ओळखता आले नाही तर सारी चाचणी निष्फळ. ‘पिसा’मध्ये प्रश्नांची मूळ प्रत इंग्रजी व फ्रेंच अशा दोन भाषांत सिद्ध होते; देशोदेशी तिचे दोन स्वतंत्र अनुवाद करून ते जुळविले जातात आणि मग बाहेरचे भाषातज्ज्ञ ते पडताळतात. शिवाय घरी कोणती भाषा बोलता, हे प्रत्येक मुलाला विचारले जाते. म्हणजे घरची भाषा आणि शाळेची भाषा यांतील अंतराची किंमत मुले किती मोजतात, हे त्या आकड्यांतून काढता येते. माध्यमाच्या प्रश्नावर गोमंतकात मोर्चे निघाले, आंदोलने झाली, मंत्रिमंडळे हादरली. पण आमच्या मुलांवर त्याचा परिणाम काय झाला, याचे निःपक्षपाती माप कोणाजवळ आहे? भाषेवर प्रेम करणाऱ्यांनी या मापाची धास्ती घेण्याचे कारण नाही. मातृभाषेतून शिकल्याने बुद्धी खुलते, असे आम्ही मानतो. हे मत कसोटीला उतरावे अशीच आमची इच्छा असली पाहिजे.

माप घेतले, ते कटू निघाले आणि त्याचा राष्ट्राला उपयोग झाला, असे उदाहरण शोधायला आम्हा गोमंतकीयांना दूर जायला नको. ज्या पोर्तुगालने येथे साडेचारशे वर्षे राज्य केले, त्याने स्वतःच्या प्रजेलाही दीर्घकाळ निरक्षर ठेवले होते. सालाझारशाहीचा तो वारसा २००० च्या पहिल्या ‘पिसा’त उघडा पडला, गणितात पोर्तुगालला ४५४ गुण मिळाले. त्या देशाने चाचणीला शिव्या दिल्या नाहीत. तो प्रत्येक फेरीत उतरत राहिला, आपल्या शाळांत फेरफार करीत राहिला आणि २०१५ मध्ये ४९२ गुणांपर्यंत पोचला. २०२२ मध्ये महासाथीनंतर तो आकडा ४७२ वर घसरला, तोही त्याने झाकला नाही. जर्मनीलाही पहिल्या निकालाने असाच हादरा बसला होता आणि आपले शिक्षण श्रेष्ठ मानणाऱ्या त्या देशाला विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय मानके आखावी लागली. आजारी माणसाने तापमापक फोडला म्हणून ताप उतरत नाही, हे त्या देशांना उमगले.

आमच्याकडे आता राष्ट्रीय पातळीवर हालचाल दिसते, हे मान्य केले पाहिजे. २०२३ साली ‘परख’ नावाचे राष्ट्रीय मूल्यमापन केंद्र स्थापन झाले आणि त्याच्या वतीने २०२४ च्या डिसेंबरात तिसरी, सहावी व नववीच्या सुमारे २१ लाख मुलांची पाहणी झाली. तीत ७८१ जिल्हे सामील होते. नमुना घेण्याची पद्धत, प्रश्नांची रचना यांत पूर्वीपेक्षा प्रगती आहे. परंतु आकडे जिल्हावार लागले की जिल्हाधिकाऱ्यापासून केंद्रप्रमुखापर्यंत साऱ्यांना आपला जिल्हा वर दिसावा असे वाटू लागते. मग सराव चाचण्या निघतात, परिपत्रके सुटतात आणि पाहणीचे रूपांतर स्पर्धेत होते. ‘प्रतिभा पर्वा’चा धडा येथेच उपयोगी पडावा. जे शिक्षणखाते शाळा चालविते, त्याच खात्याच्या माणसांवर तिचे माप घेण्याचे काम सोपविले तर वरिष्ठांना बरे वाटेल तेच आकडे वर जातील. यात एखाद्या शिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. खरे सांगितल्याबद्दल ज्याला कारणे दाखवा नोटीस मिळते, त्याच्याकडून सत्याची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी?

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. भारताने आंतरराष्ट्रीय चाचण्यांत उतरावे. आणि उतरायचे तर निवडक विद्यालयांच्या आड न लपता साध्या सरकारी व अनुदानित शाळांसह उतरावे. पूर्ण देश एका वेळी नको असेल तर एखादे संपूर्ण राज्य घ्यावे. गोव्यासारखे लहान राज्य त्या कामी पुढाकार घेऊ शकते. येथे एकही तालुका इतका दूर नाही की निरीक्षक तेथे सकाळी जाऊन संध्याकाळी परतू शकणार नाही. दुसरे, देशांतर्गत पाहण्यांची व्यवस्था शिक्षणखात्यांच्या हातून काढून स्वायत्त संस्थेकडे द्यावी. जनगणना अथवा निवडणूक यांना जे स्थान आहे तसे काहीसे स्थान तिला कायद्याने मिळावे. तिसरे, मोजक्या शाळांची बाहेरच्या माणसांकडून फेरतपासणी व्हावी आणि ज्या जिल्ह्याचे माप जुळत नाही त्याचे निकाल जाहीरपणे रोखावेत. चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे, या पाहण्यांच्या आकड्यांवर कोणत्याही शिक्षकाची बढती वा बदली अवलंबून ठेवू नये. ज्या गुणाला बाजारभाव नाही, तो विकत घेण्याचा खटाटोप कोणी करीत नाही.

निकाल कटू निघतील याची तयारी ठेवली पाहिजे. कदाचित पुन्हा आम्ही तळाशी दिसू. पण तळाशी आहोत हे न कळणे ही त्याहून मोठी आपत्ती आहे, कारण तिची किंमत मंत्री किंवा सचिव भरीत नाहीत. ग्वाल्हेरच्या एखाद्या मोहल्ल्यातील किंवा सत्तरीच्या एखाद्या वाड्यावरील जे मूल आठ-नऊ वर्षे शाळेत जाऊनही वर्तमानपत्राचा एक परिच्छेद समजून घेऊ शकत नाही, ते ती किंमत जन्मभर भरीत राहते. त्याच्या प्रगतिपुस्तकावर ‘समाधानकारक’ असा शेरा आहे. तो शेरा लिहिणारा हात आणि त्याला शिकविणारा हात एकच आहे, तोवर त्या मुलाची खरी हकीकत आपल्याला कळणार नाही. ती कळावी एवढी व्यवस्था करणे सरकारला अशक्य नाही. ती ऐकण्याचे धैर्य मात्र त्याने आता दाखविले पाहिजे.